रुईच्या पानाचा रंग आणि त्याचे सोबती

ठाण्याच्या नौपाड्यातून आम्ही बोलतोय. आमचा बचत गट शिवणकामाचा. पिशव्या, गोधड्या, टेबलावरची कापडं, खणाचे बटवे असं आम्ही शिवतो, आणि काम जास्त आलं की शहापूर-मुरबाडकडच्या गटांना वाटून देतो. त्यांच्याकडूनच निरोप आला होता, "ताई, तो तुमचा शहरातला मळकट हिरवा आम्हाला उमजत नाही. त्याच्याबरोबर काय लावायचं ते एकदा रेडिओवर सांगा." म्हणून आजचं हे बोलणं.

आता रेडिओवर रंग दाखवायचा कसा? तर असं करा. बांधावरून रुईचं एक पान तोडून आणा. चीक डोळ्याला लागू देऊ नका. शनिवारी मारुतीला ज्याचा हार घालतात तेच पान. ते नुसतं हिरवं नसतं. त्याच्यावर पांढरट लव असते आणि त्यामुळे हिरवा रंग राखेतून बघितल्यासारखा फिकट दिसतो. अंगठ्याने पान पुसा, लव निघते आणि खालचा खरा हिरवा उघडा पडतो. आमचा आजचा रंग पुसण्याच्या आधीचा. पिस्ता नव्हे, पिस्त्यात पिवळा जास्त असतो. शेवाळी नव्हे, शेवाळी याच्यापेक्षा गडद. दुकानात याला सेज ग्रीन म्हणतात. सेज ही परदेशातली तुळशीच्या कुळातली वनस्पती, तिची पानं तिकडे स्वयंपाकात घालतात, आणि ती पानंही अशीच लवदार असतात. त्यांनी त्यांच्या पानाचं नाव दिलं. आमच्या गटात आम्ही याला रुईपानी म्हणतो, आणि आज तेच नाव वापरू.

गेल्या संक्रांतीच्या आधी गोखले रोडकडच्या एका बाईंनी हळदीकुंकवाचं वाण म्हणून ६० पिशव्या सांगितल्या. लेकीने त्यांना फोनवर चित्र पाठवलं होतं, रंग हाच. निम्मे पैसे आगाऊ दिले आणि जाताना म्हणाल्या, "बाकीचे रंग काय लावायचे ते तुम्हीच बघा हं, तुम्हाला काय, रोजचंच आहे." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आम्ही त्याच्याकडे येणार आहोत.

आगाऊ पैशांतून तागा आला. उलगडला आणि खोलीत कोणी बोलेना. मग एक काकू म्हणाल्या, "अगं, हे तर ऑपरेशनच्या खोलीतलं कापड." दुसरी म्हणाली, "हा विटलेला हिरवा आहे. सवाष्णीच्या हातात विटलेला हिरवा द्यायचा का?" दोघींचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कापड फाडून आणलेलं, दुकानदार परत घेत नाही. बँकेचा हप्ता दहा दिवसांवर. पिशव्या बाईंना आवडल्या नसत्या तर उरलेले निम्मे पैसे अडकले असते आणि हप्ता प्रत्येकीच्या बचतीतून गेला असता.

आधी दवाखान्याचं बघू. एके काळी ऑपरेशनच्या खोल्या आणि कापडं पांढरीशुभ्र असायची. दिव्याखाली तो पांढरा डोळ्यावर यायचा. १९१४ च्या सुमारास अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोत एका शल्यवैद्याने भिंती आणि कापडं हिरवी करून घेतली, कारण हिरवा हा रक्ताच्या लाल रंगाच्या बरोबर समोरचा रंग. लाल बघून थकलेल्या डोळ्याला तिथे विसावा मिळतो. हे तुम्ही घरी बसून करून बघू शकता. लाल खणाचा तुकडा उजेडात धरा आणि अर्धा मिनिट पापणी न हलवता त्याच्याकडे बघा. मग लगेच चुन्याच्या पांढऱ्या भिंतीकडे बघा. भिंतीवर फिकट हिरवट निळसर डाग दिसेल. भिंतीवर काहीच नसतं, तो रंग डोळा आपला आपण तयार करतो. म्हणजे लाल आणि हिरवा ही जोडी कोणा दुकानदाराने ठरवलेली नाही. काकूंची शंका आमच्या कामीच आली. या कापडाला सोबत तांबड्याच्या घरातली हवी, हे त्यांच्याच बोलण्यातून निघालं.

विटलेल्या हिरव्याचं मात्र अवघड होतं. हिरवा चुडा, डोहाळजेवणाची हिरवी साडी, ओटीचा हिरवा खण, आपल्याकडे हिरव्याला मान आहे आणि त्या मानात कोणी बसायचं हेही ठरवून दिलेलं आहे. आमच्यात एक मावशी आहेत, मूळच्या मुरबाडकडच्या. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी हिरवं नेसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. त्या पुढे आल्या, कापडाचं टोक मांडीवर घेतलं, हात फिरवला आणि म्हणाल्या, "हा हिरवा मला चालेल. याला कोणी हिरवा म्हणायचं नाही." कोणाला काय बोलावं सुचलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवायचं म्हणून. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. तुमच्या गावात ठराव झाला असेल किंवा नसेल. पण मावशींच्या घरात त्यांच्या अंगावरचा रंग अजून शेजारपाजारच ठरवत होता. त्या दिवशी आम्ही एवढंच केलं की तागा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, "मावशी, याच्या सोबतीचे रंग तुम्हीच काढा."

मावशींनी काय केलं ते नीट सांगतो, कारण तीच रीत आम्ही आता प्रत्येक रंगाला वापरतो. त्यांनी रुईपानीचे तळहाताएवढे तुकडे कापले. गटात कात्रणांची दोन पोती असतात, ती जमिनीवर ओतली. एकेक कात्रण तुकड्याला चिकटवून ठेवायचं, दहा पावलं मागे जायचं, डोळे अर्धे मिटून बघायचं. डोळे किलकिले केले की नक्षी पुसली जाते आणि नुसता रंग उरतो. जे कात्रण रुईपानीला मेल्यासारखं करतं ते डावीकडे, जे जिवंत करतं ते उजवीकडे. तासाभरात डावीकडचा ढीग मोठा झाला, आणि त्यात सगळ्यात वर होता पोपटी. आम्हाला वाटलं होतं हिरव्याला हिरवा शोभेल. पण पोपटीच्या शेजारी रुईपानी चक्क राख दिसायला लागला. तोच तुकडा विटकरीजवळ ठेवला तर हिरवा दिसला, रुईचं पान कौलाजवळ धरावं तसा. कापड एकच, फरक फक्त शेजाऱ्याचा.

हे कोडं दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही पडलं होतं. तिथे गोब्लँ नावाचा भिंतीवरचे विणलेले पडदे करणारा नामांकित कारखाना होता. १८२४ मध्ये मिशेल शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ तिथे रंगाई खात्याचे प्रमुख झाले. कारखान्याची तक्रार होती की काळ्या दोऱ्याचा रंग फिका येतो. शेव्रल यांनी दोरा तपासला, तर रंग चोख. दोष दोऱ्यात नव्हताच. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तोच काळा डोळ्याला फिका भासत होता. मग त्यांनी कुठला रंग कुणाशेजारी कसा दिसतो याचाच अभ्यास केला आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. आपल्याकडे मॅचिंग सेंटरमध्ये जाणाऱ्या कुठल्याही बाईला हे ग्रंथाशिवाय कळतं. ती रुबियाचा तुकडा साडीवर टाकते, दुकानाच्या दारात जाऊन उजेडात बघते आणि म्हणते, "नाही हो, याने साडी पडतेय." साडी पडतेय हा शब्दही किती नेमका आहे बघा.

भडक रंग शेजाऱ्याचं फारसं मनावर घेत नाहीत. राणी रंग कुठेही राणीच दिसतो. रुईपानीत रंगच थोडा, म्हणून तो शेजाऱ्याप्रमाणे लगेच बदलतो. त्याच्यासोबत काम करायला म्हणून भीती वाटते, आणि आमच्या मते म्हणूनच मजाही येते.

उजवीकडच्या ढिगाकडे बघत मावशी म्हणाल्या, "हे तर आपलं अंगण झालं." मग आमच्याही लक्षात आलं. शेणाने सारवलेलं अंगण आठवा. ओलं असतं तेव्हा गडद, वाळत आलं की फिकट, राखट, हिरवट. त्याच्यावर पांढरी रांगोळी. कडेने गेरूचा पट्टा. रांगोळीवर हळदीकुंकवाची चिमूट. शहरातले शिकलेले लोक संगणकावर जे रंगसंच जुळवतात, त्यातला एक आपल्या आज्या रोज सकाळी सडा घालून मांडत होत्या. आणि त्यात नुसते रंग नाहीत, मापही आहे. अंगण सगळ्यात मोठं. रांगोळी त्याच्या मानाने थोडी. गेरू फक्त कडेला. हळदकुंकू चिमूटभर. लोणचं आपण ताटभर वाढतो का? तसंच हे.

पिशवी त्याच मापाने बेतली. अंग रुईपानी. अस्तर आणि बंद मांजरपाटाचे, न धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाचे, कारण त्याचा पिवळसर पांढरा इथे शोभतो. निळीत बुडवलेला पांढराशुभ्र लावला तर रुईपानी मळका दिसतो, हे आम्ही तुकडा लावून पाहिलं. तळाला चार बोटं रुंद विटकरी पट्टी. आणि तोंडाशी एकच बटण, कुंकवाच्या रंगाच्या दोऱ्याने मढवलेलं. हळदीचा पिवळा आम्ही गाळला, कारण संक्रांतीला बायका काळं नेसतात आणि काळ्या चंद्रकळेवर ती पिशवी धरली तर बटणाचा लाल पुरे होता. पिवळा आला असता तर जत्रा झाली असती. हे आमचं मत. तुमच्या गटात कोणाला पिवळा हवासा वाटला तर आधी काळ्या साडीवर ठेवून बघा, मग भांडा.

अंगण हा एक संच झाला. नंतरच्या कामांतून आणखी काही जमले. वांगं आठवा, त्याचा देठ आणि त्याचा जांभळा. रुईपानीला वांगी रंगाची किनार आणि अगदी बारीक जर लावली की बटवा लग्नात मिरवण्याजोगा होतो. बाळाच्या दुपट्याला अबोली आणि सायीचा रंग. अबोलीच्या गजऱ्यात हिरवं पान असतं ना, तोच मेळ. इथे लाल घेऊ नका, बाळाच्या कापडाला तो जड होतो. जुन्या जीनच्या पँटी घरोघर पडून असतात. त्यांचा विटलेला निळा रुईपानीशी फार छान बसतो, फक्त धावदोरा विटकरी घाला, नाहीतर सगळंच थंड पडतं. पुरुष गिऱ्हाइकांना ही जोडी चटकन आवडते, असा आमचा अनुभव. आणि खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा डाळिंबी खण दोन बोटं पट्टी म्हणून घेतला तरी पिशवीचं रूप बदलतं. अख्खी बाजू खणाची केली की मात्र रुईपानी अस्तरासारखा वाटायला लागतो. चकचकीत सोनेरी सॅटिनपासून लांब राहा, त्याच्याविषयी याहून जास्त बोलायची गरज नाही.

शिवायचा दोरा कापडापेक्षा किंचित गडद घ्या. फिका घेतला तर टाका वर उठून दिसतो, गडद घेतला तर कापडात बुडतो.

उजेडाचं सांगायलाच हवं, कारण इथे पैसे बुडतात. रुईपानी सकाळी ओटीवर एक दिसतो, पिवळ्या बल्बखाली खाकीकडे झुकतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली करडा होतो. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये बहुतेक असेच दिवे असतात. तेव्हा स्टॉलवर माल मांडायच्या आधी त्या दिव्याखाली बघा, आणि विटकरी पट्टीची बाजू गिऱ्हाइकाकडे ठेवा. पट्टी दिसली की हिरवा ओळखू येतो. फोनवर फोटो पाठवायचा असेल तर उन्हात नको आणि घरातही नको. ओटीवर सावलीत, दिवसाउजेडी, शेजारी कोरा पांढरा कागद ठेवून काढा. कागद फोटोत पिवळा किंवा निळा आला तर कापडाचा रंगही खोटा आला, असं समजून पुन्हा काढा. आणि मोठं काम असेल तर फोटोवर विसंबूच नका. दोन बोटं चिंधी पाकिटात घालून पाठवा. गिऱ्हाइकाने त्या चिंधीवर सही करून एक तुकडा परत द्यायचा, दुसरा त्याच्याकडे. मग "मी असा रंग सांगितलाच नव्हता" हे बोलणं उरत नाही.

हा रंग घरी करता येतो का, असंही मुरबाडच्या गटाने विचारलं होतं. येतो. सुती कापडाची खळ उकळून काढा. हिरड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवून वाळवा. हिरडा तुमच्याकडच्या डोंगरात मिळतो, नवा नाही तुम्हाला. मग डाळिंबाची सालं तासभर उकळून गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर ठेवा, ते पिवळट होईल. आता लोखंडाचं पाणी. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात दोनेक आठवडे ठेवलं की ते तयार होतं. कलमकारीवाले काळ्या रंगासाठी असंच पाणी वापरतात. बादलीभर साध्या पाण्यात त्याचा अगदी थोडा अंश घाला आणि कापड बुडवा. बघता बघता पिवळा राखट हिरव्याकडे वळतो. लोखंड जास्त झालं तर कापड काळपट होतं, आणि पुढे सूतही कमजोर होऊन फाटतं, म्हणून आधी चिंधीवर बघा. एका कामाचं सगळं कापड एकाच वेळी रंगवा. दुसऱ्या दिवशीचा घाणा आदल्या दिवशीसारखा उतरेलच असं नाही. आणि ही भांडी पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका.

आता त्या बाईंच्या वाक्याकडे. "बाकीचे रंग तुम्हीच बघा." आपण शिलाई धरतो, कापड धरतो, दोरा, बटण, रिक्षाचं भाडं धरतो. रंग बघण्याचे पैसे कोणी धरत नाही, कारण ते आपल्याला काम वाटतच नाही. मावशींचे त्यात अडीच दिवस गेले होते. त्या अडीच दिवसांत त्यांनी मशीनवर बसून शिलाई केली असती तर तिचे पैसे मिळाले असते. मग बिल करताना आम्ही एक ओळ वाढवली, "रंगजुळणी, प्रत्येक पिशवीमागे १० रुपये". आमच्या खजिनदार वहिनींना धाकधूक होती. बाई पिशव्या घ्यायला आल्या, दारातच एक पिशवी उजेडात धरली, उलटी केली, अस्तर बघितलं, पुन्हा सुलटी केली. मग बिल वाचलं आणि विचारलं, "हे काय?"

वहिनींनी डावीकडच्या ढिगातला पोपटी तुकडा आणला आणि पिशवीवर ठेवला. मग तो काढून विटकरी ठेवला. बाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कोणी केलं हे?" आम्ही मावशींकडे बोट केलं. बाईंनी ठरलेले उरलेले निम्मे पैसे दिले आणि वर ६०० रुपये मोजले. ते गटात न टाकता मावशींच्या नावावर लिहिले. त्यावर आमच्यात वाद झाला, लपवत नाही. दोघी म्हणाल्या, सगळ्यांनी शिवलं, मग सगळ्यांना वाटा. शेवटी ठरलं ते असं, की शिलाई जिची तिला मिळते, तशी रंगजुळणीही जिची तिला. पुढच्या वेळी दुसरीने करावी, तिला मिळेल. आता चौघी जणी कात्रणं पसरून बसतात.

तुमच्या गटात दर किती धरायचा ते तुमच्या बाजारावर आहे. तालुक्याच्या आठवडी बाजारात १० रुपये कदाचित जड होतील. तिथे पिशवीमागे दोन-तीन रुपये धरा, पण बिलात ओळ वेगळी लिहा, शिलाईत मिसळू नका. मिसळलं की पुढच्या वेळी गिऱ्हाईक शिलाई कमी करायला सांगतं आणि त्यात रंगजुळणी आधी जाते.

फाल्गुनात आमच्याकडून शहापूरच्या दोन गटांना टेबलाच्या कापडांचं काम येणार आहे, रंग हाच. कापडाबरोबर कात्रणं पाठवणार नाही. ती तुमच्या घरातली काढा, आणि जुळलेल्या तीन-तीन चिंध्या दोऱ्याने बांधून, मागे करणारीचं नाव लिहून आमच्याकडे पाठवा.